छत उघडणाऱ्या गाडीची अंतर्सजावट घरच्या घरी: वाचकांचे प्रश्न

छत उघडणाऱ्या दोन आसनी गाड्यांविषयी वाचकांची पत्रे अधूनमधून येत असतात. परंतु अशा गाडीचा आतला भाग स्वतःच्या हातांनी नवा करण्याविषयी या वेळी इतकी पत्रे एकत्र आली, की हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा असे ठरवले. बहुतेक पत्रे परदेशात स्थायिक झालेल्या वाचकांची आहेत आणि बहुतेकांकडे माझदा एमएक्स-५ हीच गाडी आहे, यात नवल नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली, आणि तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. एक पत्र मात्र गोव्यातून, तिथेच बनलेल्या एका गाडीविषयी आले आहे. त्याचा मला विशेष आनंद झाला.

प्रश्न: माझ्याकडे १९९२ सालची एमएक्स-५ मियाटा आहे. सेकंडहँड घेतली तेव्हापासूनच आत कुबट वास येतो आणि कार्पेट जागोजागी विरले आहे. साच्यात घडवलेले नवे कार्पेट आणि त्याखाली पत्र्याला चिकटवायच्या आवाजरोधक चादरी मी मागवल्या आहेत. सगळे काम घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: कार्पेट विरले आहे यापेक्षा गाडीत वास येतो ही तक्रार मला अधिक गंभीर वाटते. अशा गाडीतले कार्पेट बहुधा वापराने झिजत नाही, ते ओले राहून कुजते. आणि ओल कुठून येते हे शोधून बंद केल्याशिवाय नवे कार्पेट घातले, तर पुढच्या पावसाळी हंगामात त्याचीही तीच गत होईल. म्हणून मागवलेली खोकी काही दिवस न फोडता बाजूला ठेवा आणि आधी पाण्याची वाट शोधा.

तुमच्या गाडीच्या कापडी छताच्या मागच्या कडेखाली, सीटांच्या मागे, प्लॅस्टिकची एक आडवी पन्हळ असते. छतावरून आणि मागच्या खिडकीवरून ओघळणारे पाणी तिच्यात उतरते, दोन्ही टोकांकडे वाहत जाते आणि सीटबेल्टच्या खांबांमागून खाली गेलेल्या दोन नळ्यांतून, मागच्या चाकांच्या जरा पुढे, गाडीच्या पोटाखाली बाहेर पडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या वाळलेली पाने, पाइनच्या सुया आणि धुळीच्या चिखलाने बुजतात. मग पाणी पन्हळीतून उलटून सीटमागच्या कार्पेटवर येते, तिथून पायांखाली उतरते, आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळ पत्र्यात साचून तो आतून गंजवते. तीस वर्षांच्या एमएक्स-५ ला मागच्या चाकाजवळच्या उंबऱ्यात जी भोके पडलेली दिसतात, त्यांच्यामागे पुष्कळदा या बुजलेल्या नळ्याच असतात.

तपासणी सोपी आहे. मागची प्लॅस्टिकची खिडकी चेन उघडून खाली घ्यावी, छत अर्धे मागे करावे, कोपऱ्यातले कार्पेट उचलावे आणि टॉर्चच्या उजेडात नळीचे तोंड शोधून त्यात पेलाभर पाणी सावकाश ओतावे. गाडीखाली त्याच बाजूला लगेच धार लागली तर नळी मोकळी आहे. थेंब थेंब पडू लागले, किंवा पाणी तोंडाशीच तुंबले, तर ती बुजली आहे. गवत कापण्याच्या यंत्रात जी जाड नायलॉनची दोरी असते तिचे टोक जरा तापवून गोल करावे आणि ती हलक्या हाताने आत-बाहेर करावी. तार खुपसू नये आणि जोराची हवाही मारू नये, कारण नळी जोडापासून निसटली किंवा फाटली तर पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जाईल आणि बाहेरून काहीच कळणार नाही. पन्हळीलाही घडीच्या जागी चिरा गेल्या आहेत का, ते याच वेळी बोट फिरवून पाहावे. चिरा असतील तर पन्हळ बदलावी लागेल, आणि त्यासाठी छताची मागची कड सोडवावी लागत असल्याने छतही बदलायला आले असेल तर दोन्ही कामे एकाच वेळी करणे शहाणपणाचे.

पाण्याची दुसरी वाट दारातून येते. खिडकीच्या काचेलगतच्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या आत उतरतच असते. ते दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे अशी योजना असते आणि आतल्या पॅडला ते लागू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. कधी तरी कोणी स्पीकर बदलताना तो फाडलेला असतो आणि पुन्हा नीट चिकटवलेला नसतो. मग दाबलेल्या पुठ्ठ्याचे ते पॅड ओल धरून फुगते, वाकते आणि त्याच्या क्लिपा सुटू लागतात. तुमच्या दारांची पॅडे वाकलेली असतील तर तळाची छिद्रे मोकळी करा, नवा जाड प्लॅस्टिकचा पडदा ब्यूटाइल रबराच्या चिकट दोरीने सर्व बाजूंनी बसवा आणि पॅड पातळ एबीएस प्लॅस्टिकच्या पत्र्यातून, जुन्याचाच आकार गिरवून, नवे कापा. ते पाण्याने फुगणार नाही.

गळती थांबली की मग आतला भाग रिकामा करावा. बॅटरी तुमच्या गाडीत डिक्कीत आहे. आधी तिची ऋण बाजूची तार सोडवा. प्रत्येक सीट चार बोल्टांवर बसलेली असते आणि त्यांना १४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. सीट उचलण्यापूर्वी ती कलती करून खाली हात घाला, कारण या पिढीच्या अनेक गाड्यांत डोक्याजवळ स्पीकर आहेत आणि त्यांची तार सीटखालच्या जोडणीतून जाते. ती न सोडवता सीट ओढली तर तुटेल. शेजारी बसणाऱ्या प्रवाशाच्या बाजूचे कार्पेट काढताना विशेष जपा. तुमच्या मॉडेलमध्ये इंजिनाचा नियंत्रक संगणक त्याच बाजूला, पायांपुढच्या उतारावर, पत्र्याच्या झाकणाआड असतो. कार्पेट ओले होते म्हणजे तोही धोक्यात होता. त्याच्या जोडण्यांवर हिरवट थर दिसला तर तो साफ करून घ्या.

कार्पेट वरून कोरडे लागत असले तरी त्याखालचा जाड नमदा आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. कागदी रुमाल त्यावर तळहाताने दाबून धरला की खरे काय ते कळेल. तो नमदा फेकून द्या. वाळवून पुन्हा घालण्याच्या मोहात पडू नका. उघडा झालेला पत्रा पंखा लावून पूर्ण सुकवा, गंज घासून काढा, गंजरोधक प्रायमर आणि रंग द्या, आणि तो आपल्या वेळेने वाळू द्या.

आता तुमच्या आवाजरोधक चादरींविषयी. ब्यूटाइलवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या या चादरी थरथरणाऱ्या पत्र्याला जड करून त्याचा ढोलासारखा घुमणारा आवाज कमी करतात, आणि त्यासाठी मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर चौथा हिस्सा पत्रा झाकला तरी बराच परिणाम मिळतो. संपूर्ण जमीन एकावर एक थरांनी मढवण्यात पैसा जातो आणि हजार किलोच्या आतबाहेर असलेल्या, हलकेपणासाठीच आवडणाऱ्या गाडीचे वजन विनाकारण वाढते. शिवाय छतातून येणारा वाऱ्याचा आवाज त्याने कमी होणार नाही. गिअरच्या बोगद्यावर मात्र चादर आणि तिच्यावर बंद पेशींचा फोम जरूर लावावा, कारण उन्हाळ्यात तिथून येणारी उष्णता पायाला जाणवते. चिकटवण्यापूर्वी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लाटणीने दाबत जा, आणि जमिनीतली रबरी बुचे झाकू नका. कधी गाडीत पाणी शिरलेच तर तीच काढून ते बाहेर सोडावे लागते. घराच्या छपरासाठी मिळणाऱ्या डांबरी पट्ट्या स्वस्त असल्या तरी वापरू नका. बंद गाडी उन्हात तापली की त्या मऊ पडतात आणि त्यांचा वास मग जाता जात नाही.

नवे कार्पेट खोक्यात घड्या पडून येते. ते उन्हात पसरून मऊ होऊ द्या, मधल्या बोगद्यापासून बाहेरच्या कडांकडे बसवत न्या, आणि बोल्टांची भोके शेवटी, खालून टोचाने जागा शोधून, छोटी छोटी कापा. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. सीटचे बोल्ट आधी हातानेच फिरवून आटे नीट धरले आहेत याची खात्री करा आणि मग गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेल्या टॉर्कनुसार, म्हणजे पिळण्याच्या जोरानुसार, आवळा. सीटचे बोल्ट अंदाजाने आवळण्याची वस्तू नाही.

प्रश्न: माझ्या १९९४ च्या एमएक्स-५ मध्ये तपकिरी चामड्याच्या सीट आहेत. चालकाच्या बाजूच्या कडेला भेगा पडल्या आहेत आणि रंग उडाला आहे. आमच्याकडे कोल्हापुरी चपलांना आणि चामड्याच्या पिशव्यांना तेल लावायची पद्धत होती. सीटला खोबरेल तेल लावून चालेल का? की नवी कव्हरेच घालावीत?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर: खोबरेल तेल लावू नका. चपलेचे चामडे बहुधा उघड्या पोताचे असते आणि तेल पिते. गाडीच्या सीटच्या चामड्यावर कारखान्यातच रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर दिलेला असतो. पाण्याचा थेंब ठेवून पाहा: तो वरच राहिला तर चामडे लेपाचे आहे आणि तेलही त्यात मुरणार नाही. ते फक्त भेगांमधून आणि शिवणीच्या छिद्रांतून आत जाईल, तिथे काळे डाग पाडेल, उन्हात खवट होईल आणि पुढे रंग देताना रंग धरू देणार नाही. चकाकी आणणारे सिलिकॉनचे फवारेही याच कारणासाठी टाळावेत.

तुमच्या वर्णनावरून भेगा लेपाच्या आणि वरच्या पोताच्या आहेत असे दिसते, आणि तेवढ्यासाठी नवी कव्हरे घालण्याची गरज नाही. चामड्यासाठीच्या सौम्य द्रावणाने, मऊ ब्रशने, फेस काळा यायचा थांबेपर्यंत सीट स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. भेगांच्या उठलेल्या कडा बारीक, ६०० किंवा ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच सपाट करा. मग चामड्याचा लवचीक भराव बोथट पातीने भेगांत दाबून भरा. एकदम जाड न भरता पातळ थर देऊन, वाळवून, पुन्हा घासून वर या. रंग पाण्यात मिसळणारा, चामड्यासाठीचाच घ्यावा आणि स्पंजाने अनेक पातळ हात द्यावेत. शेवटचा मंद चकाकीचा संरक्षक लेप विसरू नये, कारण उघड्या छताखाली ऊन सरळ सीटवर पडते आणि त्या लेपाशिवाय तुमचे सगळे श्रम एका उन्हाळ्यात फिके पडतील. रंगाची छटा आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून पूर्ण वाळल्यावरच ठरवा. ओला रंग वेगळा दिसतो.

जिथे चामडे आरपार फाटले आहे किंवा शिवण उसवून कडा कुजल्या आहेत, तिथे मात्र भराव टिकत नाही. तेव्हा कव्हर बदलावे. अशा वेळी तयार शिवलेले कव्हर आणून घरी चढवणे हा मला सर्वांत योग्य मार्ग वाटतो. घरगुती शिवणयंत्र चामड्याचे किंवा जाड रेक्झिनचे चार थर एकत्र आले की अडते, टाके चुकवते आणि सुई मोडते. चढवण्याचे काम मात्र कोणीही धीराने करू शकेल. जुने कव्हर फोमला धातूच्या छोट्या कड्यांनी बांधलेले असते. त्या कड्या कापून कव्हर उलटे केले की शिवणीच्या आतल्या पट्टीत ओवलेल्या बारीक तारा दिसतील. त्या तारा सरळ उपसून, गंज पुसून, नव्या कव्हरात त्याच जागी ओवा. कव्हर फोमच्या खाचेत घट्ट बसते आणि सीटचा आकार उठून दिसतो तो त्यांच्यामुळेच. तारेशिवाय कड्या घातल्या तर दोन-चार महिन्यांत कापड फाटून कडी सुटते. नव्या कड्या खास वाकड्या तोंडाच्या पकडीने, मधल्या खाचेपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना घालत जा. खोलीत गारठा असेल तर कव्हर आधी हीटरजवळ किंवा उन्हात उबदार करून घ्या. थंड रेक्झिन ताणले जात नाही आणि सुरकुत्या तशाच राहतात.

साहित्य निवडताना तीन गोष्टी विक्रेत्याला विचाराव्यात. बोटींच्या सीटसाठी बनवलेले रेक्झिन ऊन, पाणी आणि बुरशी सहन करते, म्हणून उघड्या गाडीला ते साध्या रेक्झिनपेक्षा कितीतरी चांगले. दोरा बाँडेड पॉलिस्टरचा असावा. नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी उन्हाने लवकर कमकुवत होतो, आणि मग कव्हर शाबूत असूनही शिवणी उसवतात. तिसरी गोष्ट आगीची. अमेरिकेत गाडीच्या आतल्या साहित्यासाठी एफएमव्हीएसएस ३०२ हे मानक आहे आणि त्यानुसार ज्योत पसरण्याचा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. घरातल्या पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड कितीही सुंदर दिसले तरी ते या कसोटीला उतरेलच असे नाही, म्हणून गाडीसाठी विकले जाणारे, हे मानक छापलेले कापडच घ्यावे.

प्रश्न: माझी उंची सहा फूट दोन इंच आहे. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये बसले की डोळ्यांसमोर काचेची वरची चौकट येते. सीट खाली घेता येते का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: उंच मालक यावर एक जुना उपाय करतात, तो म्हणजे सीटचा खालचा फोम कमी करणे, आणि तो घरी करता येतो. वर सांगितल्याप्रमाणे कव्हराच्या कड्या सोडवून फोम बाहेर काढा, कमी करायचा भाग पेनाने आखा आणि पाव कापायच्या विजेच्या सुरीने खालच्या बाजूने, बुडाच्या भागातच कापा. वरचा घडीव पृष्ठभाग आणि मांड्यांखालचा भाग तसाच राहू द्या. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा अधिक कापू नका, दर वेळी सीट गाडीत ठेवून बसून पाहा. बसणाऱ्याला तळाचा पत्रा टोचू लागेल इतका फोम कमी झाला तर लांबच्या प्रवासात पाठ बोलू लागते. काढलेला तुकडा जपून ठेवा. गाडी विकताना पुढच्या मालकाला तो हवा असेल.

प्रश्न: माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. पावसाळ्यात ती घराच्या पडवीत झाकून ठेवतो, तरी सप्टेंबरात उघडली की सीटवर पांढरी बुरशी असते. यंदा सीट नव्याने भरून घ्यायच्या आहेत आणि नवा स्टिरिओही स्वतः बसवायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर: सॅन मोटर्सची ही छोटी दोन आसनी गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या अंगाची, रेनॉच्या १.२ लिटरच्या आतल्या छोट्या इंजिनाची ही गाडी आपल्या देशात फार थोड्यांनी विकत घेतली, आणि म्हणूनच जी चालू स्थितीत उरली आहे ती सांभाळणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

बुरशीचे कारण बहुधा तुमच्या झाकण्यातच आहे. प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस अडवते, पण गाडीतली आणि जमिनीतून येणारी वाफही तिच्याखाली अडकून राहते. हवा जाऊ देणारे कापडी आच्छादन घाला, खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, आणि आत कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवून त्यांत साचलेले पाणी आठवड्याला फेका. ते पाणी खारट आणि गंज आणणारे असते, म्हणून डबा कलंडणार नाही अशा जागीच ठेवावा. पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी गाडी बाहेर काढून, छत उघडून, दोन तास वारा लागू देणे हा याहून चांगला उपाय आहे. छत ओले असताना मात्र कधीही घडी करून ठेवू नका.

सीट भरताना कुशनवाले काथ्याची गादी सुचवतील. ती बसायला गार आणि टिकाऊ असते, पण गोव्याच्या दमट हवेत ओल धरते. तुमच्या गाडीसाठी चांगल्या घनतेचा फोम आणि वर बोटीच्या दर्जाचे रेक्झिन हेच घ्या. कव्हर शिवून घेताना खालच्या बाजूला हवा खेळेल असे जाळीचे कापड लावायला सांगा. आत्ताची बुरशी घरात नव्हे, उघड्यावर, तोंडाला मास्क लावून पुसा आणि फोममध्ये काळे ठिपके उतरले असतील तर तो फोम वाचवू नका.

स्टिरिओविषयी फायबरच्या गाडीत एक गोष्ट वेगळी आहे, आणि ती ध्यानात न घेतल्याने पुष्कळांचा वेळ वाया जातो. लोखंडी गाडीत ऋण बाजूची तार जवळच्या पत्र्याला जोडली की काम भागते. फायबर वीज वाहून नेत नाही. म्हणून स्टिरिओची, ॲम्प्लिफायरची आणि नव्याने लावलेल्या प्रत्येक दिव्याची ऋण बाजू स्वतंत्र तारेने गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरील, रंग खरवडून मोकळ्या केलेल्या ठिकाणी किंवा थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि धन बाजूच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज लावावा लागतो. स्पीकर बसवताना फायबरमध्ये स्क्रू सरळ पिळला तर भोकाभोवती चिरा जातात. आधी योग्य मापाचे भोक पाडा, मागून रुंद वॉशर आणि नट लावा, आणि भोक पाडताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नका.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत होतील अशा बदलांवर आहे. सीट नव्या कापडाने मढवल्याने त्यांतले काही बदलत नाही. आसनसंख्या वाढवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती करू नये.

प्रश्न: आमच्याकडे २०१७ ची, चौथ्या पिढीची एमएक्स-५ आहे. डिसेंबरात मुंबईला जाणार आहोत. तिथे चामड्याची सीट कव्हरे मापाने शिवून आणावीत असा विचार आहे, कारण इथे शिलाई फार महाग पडते. हे योग्य ठरेल का?
— एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

उत्तर: सीट कव्हरे आणू नका. तुमच्या गाडीच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅग बसवलेली आहे आणि ती फुगताना कव्हराची एक ठरावीक शिवण फाटून बाहेर येते. त्या शिवणीचा दोरा, टाका आणि जागा कारखान्याने चाचण्या करून ठरवलेली असते. वरून दुसरे चामडे चढवले, किंवा मापाने शिवलेल्या कव्हरात ती शिवण साध्या मजबूत दोऱ्याने घातली, तर एअरबॅग उशिरा किंवा चुकीच्या दिशेने उघडू शकते. मुंबईच्या कारागिराच्या हातात कितीही कसब असले तरी हे काम मापाचे नाही. शिवाय सीट काढताना पिवळ्या रंगाची जोडणी सोडवावी लागते. ती नीट बसली नाही आणि एअरबॅगचा इशारा-दिवा पेटता राहिला, तर तुमच्याकडच्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होईल. सीट बदलायचीच असेल तर त्याच मॉडेलच्या चांगल्या स्थितीतल्या, एअरबॅगसह मूळ सीट शोधाव्यात आणि त्यांची जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी.

मुंबईत करून घेण्याजोग्या वस्तू दुसऱ्या आहेत. गिअरच्या दांड्याभोवतीचा चामड्याचा घेर आणि हँडब्रेकचे आवरण ही दोन्ही घरून निघताना काढून सोबत न्या. कारागीर त्यांची शिवण उसवून त्याच तुकड्यांवरून नवे कापील आणि हव्या त्या रंगाच्या दोऱ्याने शिवून देईल. गिअरच्या घेराला मूळ इतकीच ढील ठेवायला आवर्जून सांगा, नाही तर पहिल्या आणि सहाव्या गिअरला चामडे ताणले जाऊन दांडा मागे ओढला जातो. पायपुसणी शिवून आणली तर जमिनीतल्या मूळ खुंट्यांत अडकतील अशी भोके त्यांना हवीत, आणि जुन्यावर नवी अशी कधीही घालू नयेत. सरकलेले पायपुसणे ॲक्सिलरेटरखाली अडकणे ही साधी बाब नाही.

प्रश्न: जपानमध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या काही गाड्यांत लाकडी स्टिअरिंग होते. माझ्या १९९० च्या अमेरिकी गाडीत तसे बसवावे अशी फार इच्छा आहे. घरी करता येईल का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर: तुम्ही म्हणता ती गाडी म्हणजे १९९० ची युनोस रोडस्टर (एमएक्स-५ चे जपानमधले नाव) व्ही-स्पेशल, हिरवा रंग, तपकिरी चामडे आणि नार्डी या इटालियन कंपनीचे लाकडी स्टिअरिंग व गिअरची मूठ. ती फार देखणी होती यात शंका नाही, आणि माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची सेवा सुरू केली तेव्हा ते स्टिअरिंग आणि मूठ पुन्हा बनवून घेतली, यावरूनच त्यांचे आकर्षण कळते. परंतु तुमच्या अमेरिकी गाडीच्या स्टिअरिंगमध्ये चालकाची एअरबॅग आहे आणि लाकडी चाक बसवायचे तर ती काढून टाकावी लागेल. यांत्रिक दृष्ट्या हे काम अवघड नाही, तरी मी ते करण्याचा सल्ला देणार नाही. रोज रस्त्यावर चालणाऱ्या, इतक्या हलक्या आणि छोट्या गाडीत चालकाच्या छातीसमोर असलेले ते एकमेव संरक्षण आहे.

मूळ चाक न काढता त्याच्या कड्यावर नवे चामडे घालून हाताने शिवता येते. तयार कापलेले, कडांना भोके पाडलेले चामडे मिळते, दोन सुयांनी आडवे टाके घालत जायचे असतात आणि मधल्या एअरबॅगच्या झाकणाला हातही लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवून निदान दहा मिनिटे थांबावे, आणि गाडीच्या पुस्तकात त्याहून अधिक वेळ सांगितला असेल तर तितका. लाकडाची हौस गिअरच्या मुठीने भागवावी: तुमच्या गाडीच्या दांड्याला १० मिलिमीटरचे, १.२५ मिलिमीटर अंतराचे आटे आहेत, त्यामुळे त्या मापाची कोणतीही लाकडी मूठ हाताने फिरवून बसते. धातूची मूठ मात्र घेऊ नका. छत उघडे ठेवून गाडी कॅलिफोर्नियाच्या दुपारी तासभर उभी केली, तर परत येऊन पहिला गिअर टाकताना तिला हात लावणे अशक्य होते.